माटवीवरच्या एका कवंडळासाठी

तीर्थस्वरूप आबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गणपती गेले, चाकरमानी परतले, तरी हरतालिकेची ती संध्याकाळ डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे पत्र सर्वांदेखत लिहीत आहे.

बाबांचे हात थरथरू लागल्यापासून आमची माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, बांधायची कोणी, हा प्रश्न मी मुंबईत बसून पैशाने सोडवला होता. ज्या सजावटवाल्याने आगाऊ रक्कम घेतली, त्याने आदल्या दिवशी प्लास्टिकची पाने आणि थर्माकोलची फळे ओटीवर आणून टाकली, आणि मी नको म्हणताच फोन उचलणे बंद केले. सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. (आगाऊ देताना मीही विचारले नव्हते, हे कबूल करतो.)

दिवेलागणीला तुम्ही कोयती घेऊन आलात. आंबा बारमाही हिरवा, पान चिवट, त्यामुळे त्याचे टाळ, म्हणजे पानांचे डहाळे, सात दिवस सहज तग धरतात, हे मला ऐकून माहीत होते. पण शेंड्याला हात न लावता आतल्या गर्द सावलीतले, मोहोर न धरणारे टहाळेच तेवढे उतरवायचे, हे तुमच्यामुळे कळले. शेरवडाची पांढरी पाने, तेरडा, नागकुड्याची जोडफळे, सुपारीचा घड, सारे केळीच्या सोपाने (खोडाच्या सालीच्या दोरीने) बांधून झाले. कवंडळ हे रानफळ मात्र बाजारात उरले नव्हते. तुम्ही चौकटीकडे एकवार पाहिलेत, काही न बोलता घरी गेलात आणि लालभडक कवंडळ घेऊन परतलात. त्याच्या देठाला सोपाची अर्धवट सुटलेली गाठ तशीच होती.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आरतीला आलो, तेव्हा तुमच्या माटवीच्या मधोमध एक टहाळा जरा ओढून बांधलेला दिसला. मी वर पाहतो आहे हे लक्षात येताच तुम्ही माझ्या हातात झांजा दिल्यात. पैसे घेऊनही न येणारी माणसे भेटतात, म्हणूनच स्वतःच्या देवाजवळचे सोडवून शेजाऱ्याला देणारे आणि त्याची वाच्यताही न करणारे तुमच्यासारखे कोणी भेटले की बोलायला शब्द सुचत नाहीत. त्या दिवशी मी नुसत्याच झांजा वाजवल्या.

माटवी उतरवल्यावर टाळ माडाच्या आळ्यात घातले आहेत. कवंडळाच्या बिया राखेत घोळवून बाबांनी डब्यात ठेवल्या आहेत. मृगात त्या आपल्या दोघांच्या वईवर (कुंपणावर) टोकायच्या, असे त्यांनी तुम्हांला सांगायला सांगितले आहे.

आपला,
शेजारच्या घरातला धाकटा