चार्ली टेलरवरची लाल फुली

महोदय,

माझा नातू सहावीत आहे. पहिल्या विमानाचे इंजिन कोणी बनवले, या प्रश्नाला त्याने वहीत ‘चार्ली टेलर’ असे उत्तर लिहिले. बाईंनी त्यावर लाल फुली मारून शेजारी ‘राईट बंधू’ लिहिले. शाळेचे नाव लिहीत नाही, बाईंशी माझे भांडण नाही. पण उत्तर पोराला मीच सांगितले होते, तेव्हा फुली मलाच बसली.

म्हापशात मी चाळीस वर्षे मोटरसायकली दुरुस्त केल्या, त्यातल्या निम्म्या पायलटांच्या. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी : आमचे पायलट दुचाकीवर भाडे मारतात.) राईट बंधूंना किमान आठ अश्वशक्तीचे हलके इंजिन हवे होते, आणि एकाही मोटार कारखान्याने ते दिले नाही. मग दोघे बंधू आणि टेलर अशा तिघांनी कागदाच्या चिटोऱ्यांवर आकृत्या काढल्या आणि त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या या मिस्त्रीने एक लेथ व एक ड्रिल मशीन एवढ्यावर सहा आठवड्यांत इंजिन उभे केले. क्रँकशाफ्टसाठी (पिस्टनची ये-जा गोल फिरण्यात बदलणारा दांडा) त्याने पोलादाच्या पाटावर रेघ मारली, रेघेवर भोके पाडली, उरलेले हातोडी-छिन्नीने उडवले आणि मग लेथवर चढवले. असला क्रँक मी केलेला नाही, करायची हिंमतही झाली नसती. स्पार्क प्लग नाहीत, कार्बोरेटर नावापुरता, चार आडवे सिलिंडर. तरी सुमारे १२ अश्वशक्ती निघाली आणि १७ डिसेंबर १९०३ ला विमान उडाले.

पुढचे लोकही आमच्याच बिरादरीतले. १९०९ च्या जुलैत फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली ती अंझानीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर. हा अंझानी मोटरसायकल शर्यतींतला गडी. फ्रान्सच्या सेगँ बंधूंचे ‘नोम’ इंजिन तर अजबच. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट आणि सातही सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरायचे, म्हणजे वारा खाऊन आपोआप थंड. तेल एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. जळके एरंडेल थेट वैमानिकाच्या तोंडावर! लहानपणी आजीने पाजलेले आठवून मला आजही कसेसे होते. गॅरेजच्या फळीवरच्या ‘कॅस्ट्रॉल’चे नावही त्याच एरंडेलावरून, इंग्रजी ‘कॅस्टर’वरून आले.

दिवाळीच्या सुट्टीत नातवाला बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात नेले. तिथल्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानाची चार इंजिने, दर इंजिनाला १८ सिलिंडर, दर सिलिंडरला दोन प्लग. १४४ प्लग! पोराने हिशेब माझ्या आधी केला.

दरवर्षी १७ डिसेंबरला वर्तमानपत्रांत राईट बंधूंवर मजकूर येतो. यंदा आपण त्यात चार्ली टेलरच्या दोन ओळी छापाव्यात. ते कात्रण मी वहीत त्या फुलीवर चिकटवणार आहे.

– एक निवृत्त मेकॅनिक, म्हापसा