वकीलकाका, राहिलेले आभार

आदरणीय वकीलकाकांना साष्टांग नमस्कार.

दादा निर्दोष सुटला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात आईचं रडू थांबेना, आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

2022 च्या पावसाळ्यात दुकानातली रोकड गेली आणि पोलीस दादाला घेऊन गेले. संध्याकाळी कळलं, त्यानं गुन्हा कबूल करून सही दिली. ‘स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, आता काय उरलं?’ म्हणून बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्या रात्री भर पावसात तुम्ही रामबागेत आमच्या घरी आलात. बाबांना उठवून बसवलंत आणि सांगितलंत, की पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही; 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 आहे. कोठडीत असताना दुसऱ्या कुणापुढे दिलेलाही चालत नाही, मॅजिस्ट्रेट समोर असल्याशिवाय. कोठडीत माणूस कशालाही हो म्हणतो, हे तो कायदा करणाऱ्या इंग्रजांनाही ठाऊक होतं!

‘मग सही कशाला घेतात?’ बाबांनी विचारलं. तेव्हा तुम्ही कलम 27 समजावलंत, ज्याच्या कागदाला इंदूरच्या कोर्टात सगळे मेमोरेंडम म्हणतात. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी जोडलेलं तेवढंच बोलणं पुराव्यात येतं. ‘पैसे पेटीत ठेवलेत’ हे येईल, ‘मी चोरले’ हे नाही. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या कोर्टानं, 1946 मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ आखून दिली.

आमच्या पेटीतले पैसे तर आईच्या भिशीचे होते. उलटतपासणीत तुम्ही दोन कागद शेजारी ठेवलेत. जप्तीपत्रकावर दुपारचे तीन, मेमोरेंडमवर संध्याकाळचे सहा. पैसे आधीच हाती आले होते, तर दादाच्या सांगण्यावरून सापडलं काय? पंचानंही मान्य केलं, की सही ठाण्यात बसून केली.

आता 1 जुलै 2024 पासून हे तिन्ही नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहेत. कुणाच्या घरी असा प्रसंग आला, की मी तेच सांगते.

काका, निकाल नंतर लागला. पण मला ती रात्रच आठवते. दुसऱ्या दिवशी दादाला कोर्टात आणणार होते. आम्ही निघायच्या आधीच बाबा चपला घालून दारात उभे होते.

आपली,
तुमच्या अशिलाची धाकटी बहीण