रेवा, पिस्तूल बुक करायच्या आधी हे वाच

प्रिय रेवा,

फोनवर तू मला पुरतं बोलूच देत नाही, "हो आई, माहीत आहे आई" करून ठेवून देते, म्हणून लिहूनच पाठवून राहिली. लायसन्स हाती आलं, चांगलं झालं. पंपाची कॅश रोज तूच बँकेत नेते, उमरेड रोडचा तो पट्टा संध्याकाळी कसा असतो मला माहीत आहे, त्यामुळे घेऊच नको असं मी म्हणणार नाही. पण काल तू पाठवलेले सगळे व्हिडिओ अमेरिकेतले आहेत बाप्पा! ते चपटे, कुर्त्याखाली दिसणारही नाहीत असे ग्लॉक न् सिग, जवळपास सगळे ९ एमएम, आणि ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, तुझ्या लायसन्सवर मिळतच नाही. तुला मुख्यतः बत्तीस बोअरमधून (नळीचं माप, .३२ इंच) निवडायचं आहे. म्हणजे सरकारी फॅक्टरीचं अशनी पिस्तूल, नाहीतर कानपूरचं रिवॉल्वर, त्यात २०१४ मध्ये आलेलं ते हलकं निर्भीक आणि २०२३ चं प्रबल, ज्याचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा गोल, बाजूला उघडतं.

आता तुझा हट्ट आहे पिस्तुलाचाच, तर एक कर. दुकानात नुसतं हातात धरून "छान बसतंय" म्हणू नको. आधी रिकामं करून दाखवायला सांग, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, स्वतः ओढून बघ, सारखी सारखी, हात दुखेपर्यंत. बत्तीसचं पिस्तूल साध्या ब्लोबॅकवर चालतं, गोळी सुटताना स्लाइड धरून ठेवणारं लॉक त्यात नसतं, फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर, म्हणून गोळी एवढीशी असूनही स्प्रिंग जाम कडक राहते. स्कूटीवरून पडून तुझं डावं मनगट मोडलं होतं ते विसरू नको. दोन बोटांच्या चिमटीत ओढायला जाशील तर नाही जमणार, डाव्या हाताची पूर्ण मूठ वरून आवळायची, कोपर आत, आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. असं करूनही दर वेळी अडकत असेल तर ते तुझं पिस्तूल नाही, सोड.

मला विचारशील तर तू रिवॉल्वर घे. बाबांचं कानपूरचंच होतं, तू पाहिलं आहे. स्लाइडची कटकट नाही, एखादी गोळी फुसकी निघाली तर परत ट्रिगर दाबला की पुढची येते. हां, ट्रिगर लांब आणि जड असतो, बोट थकतं, पण पर्समधल्या चाव्या न् पेनांमध्ये फिरणाऱ्या हत्याराचा ट्रिगर जड असलेलाच बरा. तसं पर्समध्ये ठेवायचंच नाही म्हणा, हिसकावणारा आधी पर्सच हिसकावतो! कमरेला, ट्रिगर पूर्ण झाकेल अशा होल्स्टरमध्ये, वरून कुर्ता. आणि एक लक्षात ठेव, रिवॉल्वरची आणि पिस्तुलाची गोळी, दोन्हीला लोक बत्तीसच म्हणतात पण ती वेगवेगळी, एकीची दुसऱ्यात घालायची नाही.

छोटं घेतलं की नेम धरणं सोपं होईल असं तुला वाटत असेल तर उलट आहे. नेम धरायच्या खुणा, म्हणजे पुढची साइट आणि मागची साइट, यांत १०० मिलिमीटर अंतर असेल आणि तुझा हात १ मिलिमीटर चुकला, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला. तेच अंतर १५० असतं तर चूक साडेसहाच्या आसपास. म्हणून एवढुशा पिस्तुलावर सुरुवात करणारे लवकर कंटाळतात, आणि मग पिस्तूल कपाटात.

त्यात गोळ्या महाग, लायसन्सवर कोटा लिहिलेला, रोज रेंजवर उडवायला कुठून आणणार? म्हणून आधी एअर पिस्तूल शीक. १० मीटरची .१७७, त्यात टार्गेटवरचा १० गुणांचा गोल फक्त साडेअकरा मिलिमीटरचा. मनू भाकरने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन्ही ब्राँझ याच प्रकारात घेतले. तिथे एका हाताने मारतात आणि तुला दोन्ही हातांनी धरायचं आहे, चालेल, ट्रिगर न झटकता दाबणं तिथेच येतं. आम्हाला एनसीसीत पॉइंट टू टू रायफल देताना उस्ताद नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचा आणि रिकामा ट्रिगर दाबायला लावायचा, नाणं पडलं की परत. हे घरी कर, पण गोळ्या त्या खोलीतसुद्धा नको, आणि पॉइंट टू टूवर असं रिकामं मारायचं नाही, आतली पिन चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या जागेच्या, कडेला आदळते, आमची खास ट्रेनिंगची रायफल होती.

मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं म्हणजे रिकामं झालं असं नसतं, चेंबरमध्ये एक असू शकते, स्लाइड ओढून डोळ्याने बघ, अंधारात बोट घालून बघ. घरातले कितीतरी अपघात "रिकामंच आहे" म्हणूनच होतात.

मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवू नको. चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नको, बाबांच्या काडतुसांवर हिरवट थर आला होता तो त्यानेच. निवडणुकीत हत्यार जमा करायची नोटीस आली तर कुरकुर न करता ठाण्यात जमा कर आणि पावती जपून ठेव. आणि सागरच्या लग्नात कोणी "ताई एक होऊन जाऊ दे" म्हणत हवेत गोळी उडवायला सांगितलं तर सरळ घरी निघून ये, २०१९ पासून अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत जेल किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन्स जाईल ते वेगळंच.

अजून एक, तुला आवडणार नाही. कोणी कॅश मागितली आणि त्याच्या हातात आधीच हत्यार असेल तर कॅश देऊन टाक. कॅशचा इन्शुरन्स निघतो, यंदा काढलाच नाही असं मॅनेजर सांगत होता, ते आधी कर.

रविवारी ये, पाटोडीचा रस्सा करते. लायसन्सची झेरॉक्स आण, खरेदीची मुदत कधीपर्यंत टाकली आहे ते बघायचं आहे, आणि मी सोबत येईपर्यंत कुठे ॲडव्हान्स देऊ नको.

आई