नावात बुरशी आहे, बाबांच्या अंगात नाही

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

फोनवर बाबांसमोर आई बोलत नाही आणि आईसमोर बाबा, म्हणून पत्र लिहिते.

गेल्या खेपेला आले तेव्हा बाबांचा टॉवेल मागच्या दोरीवर एकटाच वाळत होता. मोरीत त्यांच्या साबणाची वडीही वेगळी. आई, डॉक्टरांच्या तोंडून ‘मायकोसिस फंगॉइडिस’ ऐकलंस आणि गजकर्णासारखं लागट काहीतरी असणार असं तू धरून चाललीस. तुझी चूक नाही. १८०६ साली आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी अळंब्यांसारख्या गाठी उठलेला एक रुग्ण पाहिला. त्या अळंब्यांवरून पुढे हे नाव पडलं, ते आजतागायत चिकटून आहे. बुरशीचा यात काही संबंध नाही. हा त्वचेचा लिम्फोमा आहे, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर; टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी कातडीत वाढतात. टॉवेलाने, शिवण्याने, शेजारी झोपण्याने तो कुणाला होत नाही.

बाबा, तुम्ही मला विचारलंत, “कधी तंबाखूला हात लावला नाही, मग मलाच का?” त्याचं नेमकं कारण वैद्यकशास्त्रालाही अजून सापडलेलं नाही. एवढं मात्र दिसतं की तो बहुतेक पन्नाशीनंतर होतो आणि बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत कधी तरुणांना, अगदी मुलांनाही होतो. पांढरट चट्टे उठतात आणि लोक कोड समजून बसतात. घराण्यातून तो सहसा येत नाही, तेव्हा माझी आणि दादाची काळजी सोडा.

तुम्ही दुर्लक्ष केलंत असंही मनात आणू नका. ऊन न लागणाऱ्या जागी तो आधी उठतो. कंबर, मांडीचा वरचा भाग. कोण कुणाला दाखवणार? मलम लावलं की चट्टा फिकट व्हायचा, सोडलं की परत. पहिल्या बायोप्सीत काही निघालं नाही, कारण सुरुवातीला तो सूक्ष्मदर्शकाखालीही इसबासारखाच दिसतो. पुन्हा तुकडा काढायला तुम्ही तयार झालात, म्हणून तर कळलं.

तुमचे अजून नुसते चट्टेच आहेत, तेही थोडे. इतक्या सुरुवातीला सापडलेली बरीच माणसं आपलं पुरतं आयुष्य जगतात. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. सोमवारी फोटोथेरपीला, म्हणजे त्या प्रकाशाच्या उपचाराला, तुमच्याबरोबर मी येईन. दोन्ही बायोप्सीचे रिपोर्ट एकाच पिशवीत घालून ठेवा. आणि आई, मी यायच्या आत तो टॉवेल पुढच्या दोरीवर आण.

तुमची,
छकुली