ठराव झाला, आता पत्र समितीकडे जाऊ द्या

संपादक महोदय,

कॅलिफोर्नियात जातिभेदविरोधी कायद्याचा विषय निघाला की पहिला पाठिंबा गावपातळीवरच्या राजकीय क्लबांकडून मागितला जातो. हे योग्यच आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचे असे क्लब तिथे गावोगाव आहेत, आणि सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या क्लबांत आता मराठी सभासदही दिसतात. पण सभेत हात वर झाले, फोटो निघाला की काम संपले अशी समजूत असते. विधिमंडळाच्या दप्तरी मात्र त्या ठरावाची नोंद नसते. ती नोंद कशी होते हे मराठी मंडळींना ठाऊक असावे, म्हणून हे पत्र.

जातिभेदाला बंदी घालू पाहणारे सिनेट बिल ४०३ (एसबी ४०३) राज्याच्या सिनेटर आयेशा वहाब यांनी २०२३ च्या फेब्रुवारीत मांडले. मे महिन्यात ते राज्याच्या सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) ३४ विरुद्ध १ आणि ऑगस्टअखेरीस असेंब्लीत (कनिष्ठ सभागृहात) ५० विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाले. ७ ऑक्टोबरला गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. दरम्यान मसुदा बदलला होता. ज्या वर्गांवरून भेदभाव करायला बंदी असते, त्यांत आधी ‘जात’ हा स्वतंत्र वर्ग होता. जुलैत असेंब्लीच्या न्यायविषयक समितीपुढे तो ‘वंशपरंपरा’ या वर्गाच्या व्याख्येत घातला गेला. मार्चमध्ये केलेला ठराव आणि जुलैतले विधेयक यांचे शब्द त्यामुळे जुळत नव्हते.

म्हणून ठरावात ‘आमचा जातिभेदाला विरोध आहे’ एवढेच लिहून भागत नाही. समितीचे कर्मचारी प्रत्येक विधेयकाचे विश्लेषण तयार करतात आणि त्याच्या शेवटी पाठिंबा देणाऱ्या व विरोध करणाऱ्या संस्थांची यादी जोडतात. विधेयकाचा क्रमांक नसलेले पत्र त्या यादीत बसवायचे कुठे? विषयाच्या ओळीतच लिहावे, उदाहरणार्थ: ‘एसबी ४०३ (वहाब), अमुक तारखेला सुधारलेला मसुदा, पाठिंबा.’ एखादे कलम खटकत असेल तर ‘दुरुस्ती केल्यास पाठिंबा’ अशीही भूमिका घेता येते. मात्र कोणते कलम आणि कोणती दुरुस्ती, ते शब्दशः द्यावे लागते.

पत्र क्लबच्या लेटरहेडवर, एका पानात, विधिमंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरून पाठवतात. सुनावणीच्या साधारण आठवडाभर आधी ते पोहोचले पाहिजे. नेमका दिवस प्रत्येक समितीचा वेगळा. एका समितीला दिलेले पत्र पुढच्या समितीकडे आपोआप जात नाही. विधेयक दुसऱ्या सभागृहात गेले की पुन्हा पाठवायचे, मसुदा बदलला की तारीख बदलून पुन्हा. बहुतेक क्लब इथेच मागे पडतात, कारण हे काम कुणा एकावर सोपवलेले नसते. ठरावातच एका सभासदाचे पद लिहून त्याला पुढची पत्रे पाठवण्याचा अधिकार द्यावा, म्हणजे दर वेळी सभा बोलवावी लागत नाही.

त्याआधी क्लबची स्वतःची घटना वाचावी. काही क्लबांत पाठिंब्याच्या ठरावाला साधे बहुमत पुरत नाही, साठ टक्के मते लागतात. विषय आधी कळवलेला नसेल किंवा गणपूर्ती नसेल, तर विरोधातला एक सभासदही ठरावावर हरकत घेऊ शकतो. आणि जातीच्या प्रश्नावर ती हरकत हमखास येते. विरोधकांची भीती अशी की हिंदूंना वेगळे काढले जाईल. तिला सभेतच सविस्तर उत्तर द्यावे. ती दाबून टाकली तर ठराव पुढे टिकत नाही.

सुनावणीत दोन्ही बाजूंच्या मुख्य साक्षीदारांना मोजकी मिनिटे मिळतात. बाकीच्यांनी रांगेत उभे राहून माइकवर नाव, संस्था आणि ‘पाठिंबा’ एवढेच म्हणायचे. लोक तासन्‌तास गाडी चालवून राजधानी सॅक्रॅमेंटोला जातात आणि तिथे भाषण सुरू करतात. अध्यक्ष थांबवतात आणि गडबडीत संस्थेचे नावच राहून जाते.

आता मराठी मंडळांविषयी. ‘आम्ही ना-नफा संस्था, राजकारणात पडत नाही,’ हे उत्तर सर्रास मिळते. ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे अमेरिकी करकायद्यानुसार करमुक्त धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार पूर्ण वर्ज्य आहे, पण विधेयकाला पाठिंबा मर्यादेत चालतो. करखात्याचा फॉर्म ५७६८ भरला की मर्यादा खर्चावर ठरते: संस्थेच्या कामावरच्या पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या वीस टक्क्यांपर्यंत. बिनपगारी कार्यकर्त्यांचा वेळ त्यात धरला जात नाही. एक पत्र आणि एक सुनावणी कुठल्याही मंडळाला परवडते.

गव्हर्नरांनी नकार देताना कारण दिले की, सध्याच्या कायद्यात जातिभेदाला बंदी आहेच, नवा कायदा अनावश्यक आहे. पुढच्या ठरावांनी याच मुद्द्याला भिडले पाहिजे. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याला ‘जात’ हा शब्दच ओळखीचा नसेल, तर आडनाव, गाव, आहार विचारून झालेला छळ तो कोणत्या रकान्यात लिहिणार? कायद्यात शब्द हवा तो यासाठी. तोवर नोकरीतल्या जातिभेदाची तक्रार ‘वंशपरंपरा’ या वर्गाखाली राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तीन वर्षांच्या आत करता येते. तिच्यासोबत गव्हर्नरांचे ते नकारपत्र अवश्य जोडावे.

बहुतेक नवी विधेयके फेब्रुवारीपर्यंत मांडली जातात आणि छापल्यापासून तीस दिवस त्यांवर सुनावणी होत नाही. क्लबची सभा याच तीस दिवसांत लावावी.

आपले,
कॅलिफोर्नियातील काही मराठी वाचक