चित्रपट तयार आहे, आवाजापाशी अडलाय

सप्रेम नमस्कार,

आपल्या वस्तीतल्या एका मुलाने लघुपटाचं चित्रीकरण पुरं केलंय. लेखन, दिग्दर्शन, संगीत त्याचंच. थोरल्या भावाचं कामही शेवटी त्यालाच करावं लागलं, कारण ठरलेल्या नटाला रात्रपाळी लागली. गोष्ट दोन भावांची आणि एका बिघडलेल्या लाउडस्पीकरची. "मारामारी टाक, तुमच्या भागातलं तेच खपतं," असे सल्ले त्याला भरपूर मिळाले. त्याने ऐकून घेतले, एवढंच.

चित्रण फोनवर झालं आणि ते छान झालंय. हाल झाले ते संवादांचे. आपल्याकडे शांतता कधी असते? पाण्याची मोटर, दुचाक्या, भिंतीपलीकडचा टीव्ही. एका प्रसंगात धाकटा रडवेला होऊन बोलतोय आणि ऐकू येतात शेजारच्या बातम्या. त्याने खोलीभर रजया टांगून, पंखा बंद करून काही संवाद पुन्हा रेकॉर्ड केले. तेवढेच स्वच्छ आहेत, त्यामुळे बाकीचे जास्तच खटकतात. शिवाय गाणी ४४.१ किलोहर्ट्झवर (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन) केलेली, चित्रपटाला ४८ लागतं. ते जुळवून संवाद, गाणी, बारीकसारीक आवाज नीट मिसळायला जाणकार हवा. (गाणी खरोखर चांगली आहेत. ओळखीचा मुलगा म्हणून म्हणत नाही.)

हलाखीतूनच कलावंत घडतो, असं म्हणत लोक चार्ली चॅप्लिनचं नाव घेतात. त्याचं बालपण लंडनच्या गरीब वस्तीत गेलं, काही काळ अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहातही. पुढे तो नट, दिग्दर्शक आणि संगीतकार झाला, १९७३ मध्ये संगीतासाठी ऑस्करही मिळालं. पण १९०८ मध्ये, विशीच्या आतच, फ्रेड कार्नोच्या विनोदी कंपनीने त्याला कामावर घेतलं होतं, हे कुणी सांगत नाही. वस्तीने गोष्ट दिली असेल, रंगमंच मात्र कंपनीने दिला.

तर आम्हाला हवंय ते असं. डबिंगसाठी स्टुडिओतली रिकामी वेळ, रात्रीची असली तरी चालेल. ध्वनिमिश्रण करणारा माणूस. दोन हार्ड डिस्क, कारण सध्या सगळा चित्रपट एकाच जुन्या लॅपटॉपवर आहे आणि त्याची आम्हाला धास्ती वाटते. कलाकारांची संमतिपत्रं तपासून देणारा वकील मिळाला तर फारच बरं.

पैसे द्यायचे असतील तर मंडळाच्या खात्यातच द्या आणि पावती घ्या. मुलाच्या हातात रोख देऊ नका, ही त्याचीच विनंती. हिशेब फलकावर लागेल. वस्तू किंवा वेळ देणाऱ्यांनी संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात भेटावं.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते