बाजारभावाचं पान हाताने लिहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनची आवक वाढली की लातूर, हिंगोली, परभणीकडचे शेतकरी माल भरण्याआधी मोबाइलवर भाव बघतात. पण भाव दाखवणारी काही स्थानिक संकेतस्थळं आजही कालच्या पानाची कॉपी काढून, त्यात आकडे बदलून चालवली जातात. मग तुरीच्या पानावर तारीख बदलायची राहते, नाहीतर एक रकाना निसटून किमान दर कमालच्या रकान्यात जाऊन बसतो. यावर टेम्प्लेट, म्हणजे आकडे आपोआप भरून घेणारा पानाचा साचा, हा जुना आणि फुकटचा उपाय आहे.

शेतमाल, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर एक्सेलमध्ये भरायचे. एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानाच्या भाषेतला, साचा एकदाच लिहायचा. जिथे आकडा हवा तिथे दुहेरी महिरपी कंसात रकान्याचं नाव, आणि तक्त्याच्या ओळीभोवती एक लूप, म्हणजे प्रत्येक शेतमालासाठी तीच ओळ पुन्हा लिहायची सूचना. साचा भरणारी साधनं म्हणजे पायथन भाषेतले जिंजा आणि जँगो, पीएचपी भाषेतलं ट्विग; सगळ्यांत पद्धत जवळपास हीच. पीएचपी तर स्वतःच एचटीएमएलमध्ये लिहिता येते. यादी रिकामी असेल तर काय दाखवायचं, हेही लूपमध्येच सांगता येतं : जिंजात ‘एल्स’ हा शब्द, जँगोत ‘एम्प्टी’. तिथे ‘आज आवक नाही’ लिहा. नाहीतर बाजार बंद असला की नुसते मथळे दिसतात आणि साइट बिघडली असं वाटतं.

एक्सेलमधून फाइल काढताना साधा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारा) प्रकार निवडला तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा; यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत. त्यातही मेख आहे. फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी एक खूण येते, ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि नाव जुळत नाही. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की ती गळते. आणि नाव जुळलं नाही तर जिंजा मुळीच तक्रार करत नाही, जागा कोरी सोडतो. म्हणून जिंजाची स्ट्रिक्टअनडिफाइंड ही सोय लावाच, ती अनोळखी नाव चालवून घेत नाही. पान तयार होतानाच एरर येते. कोरा भाव छापण्यापेक्षा काम अडलेलं बरं.

मराठी मजकुराचं वेगळं दुखणं आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘क्षे’ म्हणजे चार चिन्हं, बारा बाइट. पीएचपीचं मजकूर कापणारं फंक्शन सबस्ट्र बाइट मोजतं, त्यामुळे सूचनेचा मथळा मध्येच कापला की शेवटचं अक्षर मोडतं. पीएचपी ८.१ च्या आधी असा मोडका मजकूर एचटीएमएलस्पेशलचार्स या एस्केप करणाऱ्या फंक्शनमधून (एस्केपबद्दल पुढे) गेला तर अख्खा मथळाच गायब व्हायचा. बाइटऐवजी चिन्हं मोजणारं एमबी-सबस्ट्र वापरलं तरी जोडाक्षर तुटू शकतं. मोकळ्या जागेवर, म्हणजे शब्द संपेल तिथेच तोडा.

सगळ्यात गंभीर बाब सुरक्षेची. संकेतस्थळावरच्या तक्रारपेटीत कुणीही काहीही लिहू शकतो. तो मजकूर एस्केप न करता, म्हणजे त्यातली एचटीएमएलची चिन्हं निष्प्रभ न करता, पानावर आला तर त्यातली स्क्रिप्ट वाचणाऱ्याच्या मोबाइलवर चालते. जँगो आणि ट्विग मुळातच एस्केप करतात. जिंजा स्वतंत्र वापरला तर ऑटोएस्केप (आपोआप एस्केप करणं) बंद असतं, ते आपण चालू करायचं; साध्या पीएचपीत प्रत्येक ठिकाणी हाताने करावं लागतं. साठवताना मात्र मजकूर जसाच्या तसा ठेवा, एस्केप फक्त दाखवताना करा. दोन्हीकडे केलं की आडतीच्या नावातल्या ‘&’ पुढे ‘एएमपी’ची अक्षरं उमटतात.

भाव दिवसातून एक-दोनदाच बदलतात, तेव्हा प्रत्येक भेटीला पान नव्याने घडवायची गरज नाही. भाव भरले की एकदाच पान बनवून साधी एचटीएमएल फाइल ठेवा. सर्व्हरवर भार पडत नाही. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की नाव बदला, म्हणजे अर्धवट पान कुणाला दिसणार नाही.

बाजार समित्यांनी आणि ग्रामपंचायतींनी काम ताब्यात घेताना एवढी चाचणी जरूर करावी : तक्रारीच्या रकान्यात अक्षरं ठळक करणारा एचटीएमएल टॅग टाकून बघा. पानावर टॅग जसाच्या तसा दिसला तर ठीक. अक्षरं ठळक झाली तर दुरुस्ती होईपर्यंत बिल काढू नका.

आपले,
संकेतस्थळं बनवणारे काही वाचक, लातूर